खारबांध कोणी फोडला?

नोकरीत शेकडो गुन्हे हाताखालून गेले. बहुतेकांची आठवण आता पुसट झाली आहे. पण रेवदंड्याच्या खाडीकडल्या एका गावातला तो फुटलेला बांध अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या वेळी मी त्या भागात फौजदार होतो. वय तिशीच्या आत, कामाची हौस मोठी आणि अनुभव बेताचा. गावाचे वा माणसांचे नाव मी येथे देत नाही. त्यांची नातवंडे आज तिथे नांदत आहेत.

गाव खारेपाटातले. खाडीचे पाणी भाताच्या शेतात येऊ नये म्हणून अर्धा मैल लांबीचा मातीचा बांध घातलेला. पावसाचे साचलेले पाणी बाहेर जावे म्हणून बांधात लाकडी झडपेचे दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडते, भरतीला मिटते. बांधाला भगदाड पडले तर त्याला खांड म्हणतात. खांड पडून खारे पाणी आत शिरले की ते पीक गेलेच, शिवाय पुढची दोन-तीन वर्षे जमीन धड पिकत नाही. खांड हा शब्द नुसता ऐकला तरी तिकडची माणसे हातातला घास टाकून धावत.

टेकडीच्या पायथ्याशी शेतकऱ्यांची वस्ती, खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा, आणि बांधाच्या आतल्या अंगाला सगळ्यात सखल जागी बारा झोपड्यांची खालची आळी. या आळीत शेतावर मजुरी करणारी माणसे राहत. जागा शेतकऱ्यांची. त्यांनी राहू दिले म्हणून राहायचे, उठा म्हटले की उठायचे.

गावाला ग्रामपंचायत मिळून फार दिवस झाले नव्हते. पाच पंच, साठीच्या घरातले शेतकरी सरपंच आणि चिटणीस म्हणून शाळेचे गुरुजी. सभा चावडीत भरे. विहिरीचा गाळ, रस्त्यावरचा दिवा, देवीच्या देवळाचा परिसर झाडणे, असली कामे पंचायत नेटाने करी. गावाला तिचा अभिमान होता आणि तो योग्यही होता. त्या वर्षी आषाढात पंचायतीने ठराव केला, की कोळणींनी मासळीच्या पाट्या घेऊन बांधावरून जाऊ नये; रहदारीने बांध खचतो. पाच पंचांत कोळीवाड्याचा एकच, त्याचे काही चालले नाही. तेव्हा एक तरुण कोळी सभेतून उठून म्हणाला, "आमच्या बायकांनी डोक्यावर वजन घेऊन दोन कोस वळसा घालायचा काय? बगू, तुमचा बांध किती दीस टिकतो त्यो!"

हे वाक्य सगळ्या गावाने ऐकले.

पंधरा-वीस दिवसांनी नारळी पौर्णिमा आली. तीन दिवस पाऊस कोसळत होता. पौर्णिमेच्या दुपारी उधाणाची भरती चढली आणि बांधाला खांड पडली. संध्याकाळपर्यंत गावाच्या निम्म्या भातात समुद्र उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच तीस-चाळीस माणसे घेऊन ठाण्यात आले. माणसे संतापलेली होती, पण सरपंचांनी सगळ्यांना अंगणात थांबवले आणि एकटे आत येऊन शांतपणे फिर्याद लिहून दिली. बांध आपोआप फुटलेला नाही, कापलेला आहे, असे त्यांचे म्हणणे. संशय कोणावर, असे मी विचारले.

"मी पाहिलेलं न्हाय," ते म्हणाले. "न पाहिलेल्या मानसाचं नाव मी घेनार न्हाय."

नाव त्याच दिवशी दुपारी मिळाले. एक शेतकरी मागच्या दाराने ठाण्यात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सायेब, पौर्णिमेच्या दिशी उजाडताना मी गुरं सोडाया गेलो व्हतो. सभेत बोलला त्यो कोळी बांधावर फावडं घालीत व्हता. मी माझ्या डोळ्यांनी पायलंय."

खबऱ्याशी कसे बोलावे हे मला ठाण्यातल्या जुन्या जमादारांनी शिकवले होते. तोच प्रश्न तीनदा, वेगवेगळ्या वाटांनी विचारायचा. तिन्ही वेळा त्याने तेच सांगितले. माणूस खोटे बोलत नव्हता.

आम्ही लगेच निघालो. ओहोटी होती, म्हणून पंचांसमक्ष खांडीचा पंचनामा करता आला. बांधाच्या एका कडेला फावड्याचे घाव स्पष्ट दिसत होते. खांडीच्या तळाशी चिखलात काहीतरी रुतलेले जमादारांना दिसले. ओढून काढले तर दगड भरून बांधलेले होडीचे शीड निघाले. शिडाच्या कोपऱ्यावर खूण होती. कोळीवाड्यात नेऊन दाखवताच ते त्याच तरुणाचे असल्याचे निष्पन्न झाले.

जमादार खूश झाले. "साहेब, धमकी आहे, साक्षीदार आहे, मुद्देमालही सापडला. आता काय राहिलं?"

मलाही तसेच वाटले. मी त्याला अटक केली आणि मॅजिस्ट्रेटकडून रिमांड घेतला.

चौकशीत त्या तरुणाने मला थकवले. उंच, सडपातळ, हाताला दोरांचे घट्टे. बांधावर होतास का? "व्हतो." फावडे होते का? "व्हतं." शीड तुझे? "माझंच." बांध तू फोडलास? यावर तो गप्प. का फोडलास? गप्प. सोबत कोण होते? गप्पच. जमादारांनी आवाज चढवून पाहिला, मग चहा देऊन पाहिला. फरक पडला नाही.

गप्प राहणारी माणसे दोन तऱ्हेची असतात, हे मी पुढे नोकरीत शिकलो. एक स्वतःला झाकायला गप्प राहतो; त्याची नजर सारखी आपल्या तोंडाकडे असते, आपल्याला किती ठाऊक आहे याचा अंदाज घेत. दुसरा कोणाला तरी झाकत असतो. तो जमिनीकडे पाहतो आणि दारात पाऊल वाजले की दचकतो. हा दुसऱ्या तऱ्हेचा होता. पण तेव्हा ते मला ओळखता आले नाही.

चौथ्या दिवशी मी मुद्देमालाच्या खोलीत स्टेशन डायरीशी नोंद पडताळत होतो. ते चिखलाने जड झालेले शीड कोपऱ्यात पडले होते. पहाऱ्यावरचा शिपाई त्याच किनाऱ्यावरचा, कोळी घरातला. तो सहज म्हणाला, "साहेब, नारळी पौर्णिमेला आमच्याकडं होडीची पूजा असते. शीड नसलेली होडी त्या दिवशी पूजेला कोण नेणार? यानं स्वतःची पूजा बुडवली."

मी तिथेच थबकलो. शीड घरच्या बायकामाणसांनी महिनोन्‌महिने शिवलेले असते. बांध फोडायला फावडे पुरते. दगड भरलेले शीड खांडीत टाकायचे ते खांड बुजवायला. जो सूड घ्यायला बांध फोडतो, तो आपले शीड घालून तो बुजवायला कशाला जाईल?

मग दुसरी गोष्ट सुचली आणि माझी मलाच लाज वाटली. पौर्णिमेला उजाडताना पूर्ण ओहोटी असते. समुद्र आत घ्यायचा तर तो भरतीच्या तोंडावर घ्यायचा. ओहोटीला बांध फोडला तर पाणी आत येत नाही, बाहेर जाते. ज्याचा जन्म खाडीत गेला त्याला हे कळत नव्हते?

मी गणवेश उतरवला, साधे धोतर नेसलो आणि एकटाच त्या गावी गेलो. खांडीवर उभे राहून आत पाहिले. समोर पन्नास पावलांवर खालची आळी होती. प्रत्येक झोपडीच्या कुडावर चिखलाची आडवी रेघ उमटलेली, माझ्या कमरेच्या वर. बांधाच्या कडेची उघाडी गाळाने गच्च बसलेली. मी दोन्ही हातांनी ढकलली तरी झडप हलली नाही.

पहिल्याच झोपडीच्या दारात एक म्हातारी विधवा बसली होती. गावची सुईण. शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या कितीतरी घरांतली मुले तिच्या हातावर जन्मलेली. आतून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येत होते. मी कोण ते सांगितले. ती उठून उभी राहिली.

"मी उद्याच येनार व्हते ठाण्यावर," ती म्हणाली. "लेकीचा ताप आज उतरला."

"कशासाठी येणार होता, बाई?"

"बांध मी फोडायला लावला. पयला घाव माझ्या कोयत्याचा हाय. तो पोर उगा बसलाय आत."

मग तिने सांगितले ते असे. उघाडी बंद, तीन दिवसांचे पाणी आळीत साचलेले. इतर माणसे आदल्या संध्याकाळीच मुलेबाळे घेऊन टेकडीकडे गेली. पण हिच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. पहाटे मुलाचा पाय आधी बाहेर आला. अशा बाळंतिणीला उचलून साचलेल्या पाण्यातून टेकडीपर्यंत नेता येत नाही. पाणी खाटेला लागले तेव्हा सुईणीने सोबतीला मागे राहिलेल्या आपल्या जावेला लेकीजवळ बसवले, कोयता घेतला आणि ती बांधावर घाव घालायला लागली. तो तरुण पूजेसाठी बांधालगत लावलेल्या होडीभोवतीचा गाळ काढायला फावडे घेऊन आला होता. त्याने तिला पाहिले.

"त्यानं एकच इचारलं, 'आत्या, किती येळ हाय?' मी म्हनले, येळ न्हाय. त्यानं मला सांगितलं, 'तू जा लेकीकडं, ह्ये माझ्यावर सोड.'"

दोन तासांत पाणी उतरले आणि मूल सुखरूप जन्मले. मायलेकरांना लगेच टेकडीवर नेले; उधाण ओसरल्यावर ती परत झोपडीत आली होती. तोपर्यंत ओढीने खांड रुंद झाली होती. भरती चढायच्या आत त्याने होडीवरचे शीड काढले, दगड भरले आणि छातीने रेटून खांडीत बसवले. ते टिकले नाही.

"मग तो बोलत का नाही?"

"त्यानंच मला बजावलं. म्हनला, 'तू तोंड उघडलंस तर तुमची बारा घरं उठवतील. माझं काय, मी आत बसून येईन.'" तिने पदराने तोंड पुसले. "चार दीस अन्न ग्वाड लागलं न्हाय, सायेब. चला, मी येते."

मी बैलगाडी बोलावतो म्हणालो तर तिने ऐकले नाही. ती चार कोस माझ्या पुढे चालत ठाण्यात आली, जबानी दिली आणि अंगठा उठवला. जबानीत तिने एक गोष्ट सांगितली होती: उघाडीसाठी आम्ही पंचायतीकडे अर्ज केला होता.

मी ती जबानी घेऊन सरपंचांकडे गेलो. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सभा बोलावली. शेतकरी, कोळी, खालच्या आळीतली माणसे, सगळ्यांना दवंडी दिली. चावडीत जागा पुरेना. वातावरण असे होते, की मी दोन शिपाई दाराशी ठेवले होते.

सरपंच म्हणाले, "गुरुजी, ठरावाचं बुक काढा. खालच्या आळीचा अर्ज वाचा."

गुरुजींनी वाचला. उघाडीत गाळ भरला आहे, पावसाच्या आधी काढून मिळावा.

"त्यावर आपण काय लिवलं ते वाचा."

"पुढील सभेत विचार व्हावा."

"पुढील सभेत काय लिवलं?"

गुरुजींनी पान उलटले. "पुढील सभेत विचार व्हावा."

"आणि त्याच्या पुढं?"

गुरुजींनी पुढचे पान पाहिले. "तेच आहे."

"मोठ्यानं वाचा, गुरुजी."

गुरुजींनी तिसऱ्यांदा तेच वाचले. 

सरपंच उठले. त्यांनी पागोटे काढून हातात घेतले. साठ वर्षांचा, ज्याच्यापुढे गाव आवाज चढवत नसे असा तो माणूस खालच्या आळीतल्या लोकांकडे तोंड करून म्हणाला, "बांध त्या पोरानं फोडला न्हाय. या बाईनंबी फोडला न्हाय. तो आमी पाच पंचांनी या चावडीत बसून फोडला. तीन सभांत फोडला."

मागून एकजण ओरडला, "आणि माझं भात गेलं त्याचं काय?"

"माझंबी गेलंय," सरपंच म्हणाले. "सगळ्यांत सखल शेत माझंच हाय. पर त्या घरात एक जीव जलमला. भात पुना लावता येतंय." मग माझ्याकडे वळले. "फौजदारसाहेब, फिर्याद माझी हाय. माझी चूक झाली असं लिवून घ्या."

सर्वांत आधी हलला तो मला खबर देणारा शेतकरी. तो सुईणीपुढे गेला आणि हात जोडून उभा राहिला. ती म्हणाली, "जे पायलं तेच सांगितलंस, बाबा. खोटं कुठं बोललास?"

अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली पाहिजे होती. कोळीवाड्यातून होड्या दगड भरून आल्या, शेतकऱ्यांनी माती ओतली, खालच्या आळीने कुडासाठी कापलेल्या काठ्या दिल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाच पंचांना उघाडीच्या गाळात मांड्यांपर्यंत उभे पाहिले. उघाडीची राखण त्या तरुण कोळ्याकडे सोपवण्याचा ठराव त्याच आठवड्यात झाला, आणि बांधाची वाट पाटीवाल्या कोळणींना मोकळी झाली.

कायद्याची बाजू मी अहवालात मांडली. मोठा अनर्थ टाळण्यासाठी सद्हेतूने केलेले नुकसान गुन्हा ठरत नाही, असे दंडविधानातच आहे. वरिष्ठांनी अलिबागला बोलावून मला बराच वेळ उलटसुलट विचारले, आणि शेवटी सही केली.

तरुणाला मी सभेच्या दिवशीच जामिनावर सोडले होते. तेव्हा मी म्हणालो, "पाच दिवस तुला विनाकारण आत ठेवलं. राग आला असेल."

तो जरा संकोचला. "न्हाय, सायेब. तुमी तुमचं काम केलं. तेवढं शीड द्या. ओलं ऱ्हायलं तर कुजंल."

त्या प्रकरणात मला मिळालेली खबर खरी होती, साक्षीदार खरा होता, मुद्देमाल खरा होता, आणि तरीही त्यावरून मी काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा होता. त्यानंतर कुठलाही गुन्हा हाती आला की हे कोणी केले, याच्या आधी मी विचारू लागलो, की हे होण्यापूर्वी कोणी काय करायचे राहून गेले होते. तपासात त्याचा मला फार उपयोग झाला. पण खरे सांगायचे तर मोठा धडा तपासाचा नव्हताच. नोकरीत मी शूर माणसे पुष्कळ पाहिली. चोराच्या सुऱ्यापुढे उभे राहणारे पाहिले, बुडत्याला काढायला उडी टाकणारे पाहिले. भरल्या गावापुढे, स्वतःचे शेत पाण्याखाली असताना, चूक माझी म्हणून पागोटे उतरवणारा सत्तेवरचा माणूस मात्र मी तो एकच पाहिला.