‘वाढ नाही’ला माझी सही नाही

बाई चौथ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी लघवीची बाटली काउंटरवर ठेवली नाही, सरळ माझ्या हातात दिली. गावाच्या समा भागातून रिक्षाने आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेली, पाठ मात्र ताठ. तीन महिने लघवीला जळजळ आणि अंगात बारीक ताप. जंतू मारायच्या सल्फाच्या गोळ्या त्या नेमाने घेत होत्या आणि आमच्या निजामपुऱ्यातल्या लॅबमधून दर वेळी एकच रिपोर्ट जात होता: वाढ नाही.

"सून म्हणते, आई, सगळं तुमच्या मनाचं आहे," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, मनाला ताप येतो का हो?"

तिन्ही रिपोर्टांवर सही माझीच होती. त्यांच्या लघवीत पू आणि काडीसारखे जंतू मला प्रत्येक वेळी दिसले होते. पण जंतू वाढवायच्या प्लेटवर काही उगवत नाही, म्हणजे गोळ्यांनी मेले असतील, असं मी धरून चालले होते.

या खेपेलाही दुसऱ्या दिवशी प्लेट कोरीच होती. एरवी ती फेकली असती. मी ती इनक्युबेटरमध्ये आणखी एक दिवस ठेवली. तिसऱ्या सकाळी पाहते तर हवेतला कुठलासा जंतू पडून एक पांढरा ठिपका वाढला होता, आणि त्याच्याभोवती, फक्त त्याच्याच भोवती, सुईच्या टोकाएवढे असंख्य ठिपके दाटले होते.

लॅबचे मालक गुजराती डॉक्टर. त्यांनी प्लेट उजेडात धरली. "कन्टॅमिनेशन छे, बेन. फेंकी दो."

"सर, हे बारके ठिपके त्या मोठ्याकडून काहीतरी घेऊन जगतायत."

"रिपोर्ट लिहा आणि मोकळ्या व्हा. बाहेर माणसं ताटकळलीयत."

"‘वाढ नाही’ मी लिहिणार नाही."

"मग मी सही करतो."

"करा. पण माझं नाव त्यावर येणार नाही, आणि प्लेट मी देणार नाही."

बारा वर्षांत मी त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं. ते चिडून, सही न करताच आत निघून गेले.

दुपारी प्लेट नीट बंद करून मी कॉलेजातल्या माझ्या जुन्या मॅडमकडे नेली. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "पेशंट सल्फा घेतेय?" मग समजावलं. जंतूला वाढायला थायमिडीन लागतं आणि ते तो स्वतः तयार करतो. या गोळ्या नेमकं तेच तयार होणं बंद पाडतात. आमच्या जंतूने ते तयार करणं केव्हाच सोडलं होतं. शरीरातल्या पुवातून त्याला ते आयतं मिळत होतं, मग गोळ्या त्याचं काय बिघडवणार? आमच्या साध्या प्लेटवर तो उपाशी राहायचा, म्हणून दिसायचा नाही; या खेपेला त्या पांढऱ्या ठिपक्याने त्याला ते पुरवलं होतं.

मॅडमनी थायमिडीन घातलेल्या प्लेटा दिल्या. त्यांवर मी जंतू पसरले आणि वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी जंतू भरभरून उगवले, सल्फाच्या चकतीला अगदी चिकटून. दुसऱ्या एका औषधाभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ पडलं होतं, म्हणजे त्याने जंतू मरत होते. मी रिपोर्ट लिहिला, सही केली आणि सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला आणि शिक्का मारला.

औषध बदललं. ताप गेला. बाई पुन्हा आल्या त्या सुनेला घेऊन.

"हिला तो जंतू दाखवा."

मी जपून ठेवलेली काचपट्टी लावली. सून वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"दिसला?" बाई म्हणाल्या. "माझ्या मनातला आहे तो."

सुनेने मान वर केली नाही. मी बाईंना सांगून टाकलं, "आधीचे तीन रिपोर्ट माझेच होते. चूक माझी."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "चूक होती. मोठी होती," एवढंच म्हणाल्या आणि सुनेचा हात धरून पायऱ्या उतरल्या.

आता पू दिसला की मी कोरी प्लेटही दोन दिवस ठेवते. इनक्युबेटरमध्ये जागा उरत नाही म्हणून सर कुरकुरतात. कुरकुरू देत.