सिंधचा सुतार पक्षी

मी पदवीधर झालो तो माझ्या थोरल्या भावामुळे, दामूदादामुळे. "तू शीक, हितलं मी बघतो," म्हणून तो गावी, बेडशात शेतीवर राहिला आणि मी लोणावळ्यात शिक्षक झालो.

तिथे तुंगार्लीत माझ्या शेजारी सिंधच्या कालव्यांवर नोकरी करून पेन्शनीत निघालेले एक कारकून राहत. बोलण्याआधी ते खुर्चीच्या हातावर बोटाने टकटक करत, आणि मग बहुधा तिकडच्या वाळवंटातल्या सुतार पक्ष्याचा विषय निघे.

"मास्तर, तुमचे इकडचे सुतार लाडावलेले. तिकडे मोठं झाड कुठलं? झाऊच्या झुडपाच्या किडमिड्या खोडात तो घर कोरतो. खोडात किडे नसले तर खाली उतरून मुंग्या खातो. वडाची वाट बघत बसला असता तर मेला असता."

"आणि अंडी?"

"दोघं पाळीनं उबवतात. रात्री मात्र नरच बसतो."

दिवे लागले की ते गोष्ट अर्धी टाकून उठत. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. दिवसा मेहुणी तिचं करी, रात्री हे.

एकदा उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना अर्धांगवायू झालाय ना? रात्री त्यांच्यापाशी कोण असतं?"

"आबांपाशी? दादा."

"आणि दिवसा?"

"दादाच."

ते आत गेले. मला मान वर करवेना.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं: "तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार. शनिवारी शाळा सुटल्यावर येतो. गाडी जुंपून ठेव, आबांना मी इकडे आणणार आहे. आता तू रात्री झोप."