अर्धं उघडं फाटक

त्सिया बोनारियाने सायकल घेतली ती एकसष्टाव्या वर्षी, पोस्टातून निवृत्त झाल्यावर. आमच्याकडे सार्डिनियात पन्नाशी उलटलेली प्रत्येक बाई सगळ्या गावाची त्सिया, म्हणजे मावशी असते. सायकलवाली त्सिया मात्र ही एकच. "चौतीस वर्षं डांबरी रस्त्याने पत्रं वाटली," ती म्हणायची, "आता जिथे कुणाला पत्रच येत नाही तिथे जाणार." आणि बुचाच्या झाडांमधून जाणाऱ्या खडीच्या पांढऱ्या रस्त्यांवर ती एकटीच हिंडायला लागली. दोन वर्षांत तालुक्यातला एकही पांढरा रस्ता तिने सोडला नाही. फक्त दीड किलोमीटर राहिला.

या रस्त्यांवर जागोजागी मेंढपाळांची फाटकं असतात आणि नियम एकच असतो. फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. सरकार बदललं तरी चालेल, फाटक बदलायचं नाही.

ओढ्यापलीकडचं एक फाटक एकोणीस वर्षं अर्धं उघडं होतं. आईच्या चीज करायच्या तांब्याच्या कढईवरून बोनारिया आणि तिचा धाकटा भाऊ बाकिसिओ यांची जुंपली होती, ती त्या फाटकातच. तो आतून लोटत होता, ती बाहेरून. दोघं दमली, दोघांनी एकदम हात काढले आणि फाटक मध्येच राहिलं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

नंतर आलेल्या प्रत्येकाला ते अर्धं सापडलं, म्हणून प्रत्येकाने अर्धंच ठेवलं. अर्धं म्हणजे नक्की किती, यावरून बारमध्ये दोनदा मारामारी झाली. शेवटी कुणीतरी खुणेचा दगड आणून ठेवला. मेंढ्या अंग चोरून जायला शिकल्या. बाकिसिओचं पोट सुटलं आणि तो फटीत मावेना, तेव्हा त्याने कुंपणाला शिडी लावली. फाटकाला हात लावला नाही.

बोनारिया रोज तिथवर यायची, एक पाय टेकवून बघायची आणि सायकल वळवायची. जन्मली वाढली ते घर त्याच दीड किलोमीटरच्या टोकाला होतं. अर्धं उघडं आहे, म्हणजे त्याने पुरतं लावून घेतलेलं नाही, एवढ्यावर तिचे दिवस चालले होते. हे ती कुणाला मरेपर्यंत सांगणार नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती आली, तर फाटक बंद. वर तारेची आकडीसुद्धा अडकवलेली. सायकल आडवी पडली, तिने उचलली नाही. रस्त्याकडेला बसून ती हेल्मेटसकट रडली.

"लावलंस ना शेवटी?" आतून आवाज आला. एकोणीस वर्षांनी भाऊ बोलला तो हे.

ती ताडकन उठली. "मी? तुझं फाटक, तुझी आकडी, आणि मी लावलं?"

"शिडी चढून चढून माझे गुडघे गेले, आणि मी लावीन?"

"चढ म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"मग काय फाटक हलवू? तूच म्हणाली असतीस, भावाने नातं तोडलं!"

बोनारियाने नाक पुसलं. "बरं, उघड आता."

"मला बंद सापडलंय."

"मलाही बंदच सापडलंय."

"शिडीवरून ये मग."

"चोरासारखी? माझ्या आईच्या घरी?"

ती अलीकडे बसली, तो पलीकडे बसला. थोड्या वेळाने त्याने फाटकावरून पाव आणि चीज पुढे केलं.

"खारट झालंय," ती म्हणाली. "आईच्या कढईत असं व्हायचं नाही."

"त्या कढईत मी केलंच नाही कधी. टांगून ठेवलीय. तुला विचारल्याशिवाय कसं करणार?"

बोनारियाने तो घास फार वेळ चावला.

दुपारी एक जर्मन सायकलवाला घाम गाळत आला. लांबूनच हात जोडत होता. "माफ करा! सकाळी मीच लावलं. कुणीतरी निष्काळजीपणे उघडं टाकलं असं वाटलं. बारमध्ये सांगितलं, तर सगळे उठून अंगावर आले. अर्धं करून ये म्हणाले." तो जमिनीवर शोधायला लागला. "इथला एक दगड... कुणी ठेचकाळेल म्हणून मी ओढ्यात टाकला." आता अर्धं किती ते त्याला कळेना. शेवटी त्याने आकडी काढली, फाटक पार कुंपणाला टेकेपर्यंत उघडलं, आणखी दोनदा माफी मागितली आणि तो पळाला.

भावंडं उभी राहिली. मध्ये काहीच नव्हतं.

"आता उघडं सापडलंय," बाकिसिओ म्हणाला.

"मग उघडंच ठेवावं लागणार."

"नियम आहे."

तिने सायकल उचलली, हातात धरून आत आणली. दोघं घराच्या दिशेने चालू लागली, तो लंगडत, ती त्याच्या चालीने.

"जाताना कढई घेऊन जा," तो म्हणाला.

"सायकलवर? का डोक्यावर घालू?"

"मग काय करायचं तिचं?"

"राहू दे तिथेच," बोनारिया म्हणाली. "मी रोज येऊन बघून जाईन."