रिकामी, धुतलेली, चपटी

“कचरा म्हंजे कंचा, तो आधी दाखवा मॅडम, मंग कमी करते,” असं जानी एकदा म्हणाली होती.

हे ती रोह्यात म्हणाली, एका रसायन कंपनीच्या कॉलनीत, क्लबाच्या हॉलमध्ये. साल एकोणीसशे शहाण्णव. कॉलनीतल्या बायकांनी घरातला कचरा कमी करायची मोहीम काढली होती. जानी रोज सकाळी त्यांच्या बंगल्यांमागचे डबे रिकामे करायची, म्हणून तिलाही बैठकीला बोलावलं होतं. तू तुझ्या घरचा कचरा कसा कमी करशील, असं तिला विचारलं. तिच्या उत्तरावर हॉल हसला. सेक्रेटरी मृणाली मॅडमनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. जानी हसली नाही. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

जानी कातकरी. माहेर वडखळच्या अलीकडच्या वाडीतलं. अलिबागला वळणाऱ्या गाड्या तिथे थांबतात आणि निघताना खिडकीतून आंब्याच्या रसाची कागदी खोकी टाकून जातात. सगळा पावसाळा चिखलात पडूनही न कुजणारा कागद तिने लग्नाआधी तिथेच पाहिला. आत चांदीसारखी पन्नी. असली वस्तू चार घोट पिऊन माणसं का फेकतात, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे कॉलनीत कामाला लागल्यावर तर मुळीच नाही.

लग्न होऊन ती कुंडलिकेच्या काठावरच्या वाडीत आली. नवरा चंदर. दिवाळी झाली की दोघं पोरीला घेऊन वीटभट्टीवर जायची ती थेट वैशाखात परतायची; कॉलनीतलं काम त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंत. पोरगी शीतल. दर वर्षी शाळेत तिचं नाव लागायचं आणि दर वर्षी ते कमी व्हायचं. यंदा ती चौथीत जाणार होती, आणि यंदा भट्टीवर जायचं नाही, असं जानीने ठरवलं होतं. त्यासाठी वेल हवे होते. शिराळी, घोसाळी, कारली. नदीकाठचा एक पट्टा मालकाने पावसाळ्यापुरता दिला होता. दिवाळीपर्यंत रोह्याच्या बाजारात भाजी विकली तर पुढच्या चार महिन्यांचा तांदूळ घरात येणार होता.

वेलाचं एक असतं. रोप उपटून लावलं की ते रुसतं. जानीने त्यावर उपाय काढला होता. रसाचं खोकं वरून कापायचं, तळाला सुरीने फुली मारायची, तळ धरून ठेवायला सुतळीचा एक वेढा द्यायचा, माती भरून बी टोचायचं. पाऊस आला की वेढा सोडायचा आणि माती न हलवता सगळं खड्ड्यात ठेवायचं. मुळाला पत्ताही लागत नाही. गेल्या सालचं राखेत ठेवलेलं सगळं बी तिने मेच्या मध्यावर लावलं. दोनशे तीस खोकी, सगळी कॉलनीच्या डब्यांतून वेचलेली. बियांचं मडकं पालथं घालून ठेवलं.

इकडे मोहीम जोरात होती. रसाची खोकी मुंबईकडच्या एका कारखान्यात जातात, तिथे त्यांचा पुन्हा कागद होतो, असं मृणाली मॅडमनी कुठेतरी वाचलं होतं. पाच जूनला, पर्यावरण दिनी, एक हजार खोकी रवाना करायची असं ठरलं. जास्त खोकी देणाऱ्या घराला बक्षीस. नियम टाइप करून प्रत्येक दारावर लावला: रिकामी, धुतलेली, चपटी.

आणि मग कॉलनी रस पिऊ लागली. ज्या घरांत आजवर लिंबाचं सरबत होत होतं, तिथेही खोक्यांनी भरलेले पुठ्ठ्याचे ट्रे येऊन पडले. एका मॅनेजरच्या मुलाला दिवसाला सहा खोकी पाजण्यात आली. बक्षिसाऐवजी तो दवाखान्यात गेला. डबे दुप्पट भरू लागले. नळ्या, नळ्यांवरचं प्लॅस्टिक, पुठ्ठ्यांवरचं प्लॅस्टिक. पाठीमागे, कंपनीच्या नाल्याखाली, नदीचं पाणी त्या आठवड्यात विटकरी होतं. त्यावर बैठक झाली नाही. ते घरातलं नव्हतं.

जानीच्या रोपांची गोष्ट मॅडमच्या कानावर गेली. त्या हरखल्या.

“जानी, तुझा सत्कार करायचाय. पेणहून पाहुणे येणार आहेत, निसर्गावर बोलणारे. सगळी खोकी घेऊन ये.”

“धा आणते, मॅडम.”

“दहांनी काय दिसणार? सगळी आण. जीप पाठवते. संध्याकाळी जीपच परत सोडेल.”

घरी चंदर म्हणाला, “रोपांची वरात काढतीस गो? नवरदेव कोन?”

“मॅडमला नाय म्हनू? काम काय तुझा बाप देल?”

“बाप असता तर तोच सत्काराला गेला असता. शाल त्याला लय आवडायची.”

पाच तारखेला जीप आली. रोपांना दोन-दोन पानं फुटली होती. जानीने प्रत्येक खोकं हाताने उतरवून क्लबाच्या व्हरांड्यात, सावलीत मांडलं आणि पाणी शिंपडलं. मग तिला आत नेऊन स्टेजवर बसवलं.

बाहेर मृणाली मॅडम क्लबाच्या शिपायाबरोबर गठ्ठे मोजत होत्या. पाहुण्यांनी नुकतीच प्यायलेली खोकी धरूनही सातशे अठ्ठ्याऐंशी. हजाराची बातमी सकाळीच वर्तमानपत्राला गेली होती. त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं.

“भरत, यातली घे. नियमाप्रमाणे कर.”

भरत घुटमळला. “मॅडम, ह्यांत झाडं हायत.”

“झाडं कुठली रे, कोंब आहेत. माती बागेतल्या खड्ड्यात टाक, खत होईल. काही वाया जाता कामा नये.”

भरतने खोकी उपडी केली, हौदात धुतली, पायाखाली चपटी केली. दोनशे बारा झाली तेव्हा तो थांबला. अठरा उरली होती. त्यांना त्याने हात लावला नाही. हजाराच्या वर एकही नको होतं.

आत पेणचे पाहुणे बोलत होते. आदिवासी बांधवांकडून आपण शिकलं पाहिजे, म्हणाले. काय शिकायचं ते चाळीस मिनिटांत आलं नाही. मग जानीला शाल दिली, प्लॅस्टिकच्या पिशवीतली. पिशवी फोडून खाली टाकली. नारळ दिला. तेवढ्यात भरतने शेवटचे गठ्ठे स्टेजवर आणून रचले. मॅडमनी फळ्यावरचा आकडा पुसला आणि एक हजार लिहिलं. टाळ्या झाल्या.

जानीही टाळ्या वाजवत होती. मग तिची नजर वरच्या गठ्ठ्यावर गेली. चपट्या खोक्यांच्या तळाला फुल्या होत्या. तिने उठून एक खोकं उचललं. ओलं होतं. दुसरं उचललं.

“बाई गो,” ती एवढंच म्हणाली, हळू, कुणाला उद्देशून नव्हे.

“बघा, आपलीच खोकी बघतेय!” मृणाली मॅडम माइकवर म्हणाल्या. “जानी, तुझ्यामुळे हजार पुरे झाले. दोन शब्द बोल ना. मागे बैठकीत ते विनोदी बोललीस, तेच बोल.”

माइक तिच्यापुढे आला. हॉल आधीच हसायच्या तयारीत होता. तिने दोन्ही खोकी गठ्ठ्यावर होती तशी ठेवली. शाल घडी करून खुर्चीवर, नारळ तिच्यावर. पायऱ्या उतरून ती व्हरांड्यात आली. अठरा रोपं बरोबर आणलेल्या घमेल्यात दाटीवाटीने बसवली. भरत जीपची चावी शोधत पुढे आला, काहीतरी सांगू लागला. तिने घमेलं डोक्यावर घेतलं, एक हात वर धरला, मान ताठ केली आणि फाटकाबाहेर निघून गेली.