खजिन्याची पुस्तकं आणि आमचा रघू तांडेल

किस्से सांगायला बसले की मैत्रिणी विचारतात, "सुलू, हे सगळं तुमच्याच गावात कसं गं घडतं?" आता काय सांगायचं! सगळ्यांच्याच गावात घडतं. पण बाकीचे लोक संध्याकाळी टीव्ही लावतात आणि विसरून जातात. आमचा टीव्ही दोन वर्षं बंद पडलाय, आणि आमच्या ह्यांना तो दुरुस्त करायला सवड होत नाही. मग माझ्याकडे किस्से साठत जातात, त्याला मी तरी काय करू!

मी गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. ऐकायला बरं वाटतं ना? प्रत्यक्षात कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, दोन पेपर टेबलावर टाकायचे आणि कुणी येत नाही म्हणून ते दोन्ही आपणच वाचायचे. गाव समुद्राकाठी, बोईसरहून रिक्षानं अर्धा तास. पुरुष एक तर बोटीवर, नाहीतर कुंभवलीच्या बाजूला कारखान्यात. बायका किनाऱ्यावर बोंबील सुकवतात. वाचणार कोण?

एकदा पालघरहून पुस्तकांचं खोकं आलं. त्यात एका रहस्यमालिकेचे चार भाग. मैथिली नावाची इतिहासाची प्राध्यापिका आणि रघू तांडेल नावाचा होडीवाला. दोघं मिळून एका बुडालेल्या पोर्तुगीज जहाजाचा खजिना शोधतात. प्रत्येक भागात नवा नकाशा, जुना किल्ला, वेगळा देश! मी पहिला भाग घरी नेला आणि वेडी झाले. भातही करपला, तोही दोन वेळा.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊनच किनाऱ्यावर गेले. तिथं आमचा अड्डा. बोंबलाच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगायच्या आणि खाली बसून कावळे हाकलायचे. मी कोपऱ्यात बसून वाचत होते. जनाआजी, आमच्यातली सगळ्यात मोठी, वय पंचाहत्तर, अक्षरओळख नाही, आवाज भोंग्याचा, ती ओरडली, "ए सुलू, मनात काय वाचतंस? मोठ्यानं वाच. कावले तरी उडतील!"

तेव्हापासून रोज वाचन. कावळे उडाले की नाही माहीत नाही, पण चौदा बायका जमायला लागल्या.

*

पहिल्याच भागात गाडं अडलं.

मैथिलीला कळतं की नकाशाचा अर्धा तुकडा खाडीपलीकडच्या बेटावर आहे. ती पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी बारा वाजता वाळूतून चालत बेटावर जाते. मी अगदी रंगात येऊन वाचत होते.

"मेली!" कुंदा म्हणाली.

कुंदा म्हणजे आमच्यातली हुशार. बोईसरच्या बाजारात मासे विकते, गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ओळखते. मी विचारलं, "कोण मेली?"

"तुजी मैथिली. पुनवेला बाराला भरती असते गो! चालत कशी जाईल? गल्यापर्यंत पानी आलं."

चौदाच्या चौदा बायकांनी माना हलवल्या. मैथिली मेली. मी म्हटलं, "अगं, पुस्तकात ती पोचते." तर जनाआजी म्हणाली, "मंग तिचं भूत पोचलं असंल."

अर्धा तास वाचन बंद! शेवटी मी पान पुन्हा वर घेतलं, घसा खाकरला आणि वाचलं, "अष्टमीच्या दिवशी भर दुपारी..."

"हां!" कुंदा म्हणाली. "आता बराबर हाय. ओहोटी हाय. जाऊ दे तिला."

छापील मजकुरात मी केलेली ही पहिली भेसळ. तेव्हा मला वाटलं, एक तिथी तर बदलली, एवढं काय!

*

दुसऱ्या भागात मैथिली आणि रघू लिस्बनला जातात. तिथल्या बाजारात सुक्या माशांचे ढीग लावलेले असतात. बायका खूश! "तिकडं पन सुकं खातात?" "आपल्यासारकंच उन्हात घालतात काय?" प्रमिलाला तर तिथला भाव पाहिजे होता.

पुढची ओळ माझ्या डोळ्यांनी आधी वाचली. 'त्या असह्य दुर्गंधीनं मैथिलीनं नाकाला रुमाल लावला.'

मी वर बघितलं. डोक्यावर दहा हजार बोंबील वाळत होते. समोर चौदा बायका, त्यातल्या सहाजणींच्या हातात कोयता.

मी वाचलं, "त्या घमघमाटानं मैथिलीच्या तोंडाला पाणी सुटलं."

"पोरगी चांगली हाय," जनाआजी म्हणाली.

*

तिसऱ्या भागापर्यंत आम्हाला खजिन्याचा तापच चढला. त्यात असं होतं की पोर्तुगीजांच्या प्रत्येक समुद्री किल्ल्यात विहिरीपासून पूर्वेला चाळीस पावलांवर एक खूण कोरलेली असते. जनाआजी म्हणाली, "शिरगावचा किल्ला काय लांब हाय? मोजून येवया."

आम्ही चौघी रविवारी टमटम करून गेलो. जनाआजी, कुंदा, प्रमिला आणि मी. पहिल्यांदा कुणाची पावलं मोजायची यावरून भांडण. जनाआजीची चाळीस म्हणजे प्रमिलाची पंचवीस! मग चौघी चार ठिकाणी वाकून भिंती बघायला लागलो.

तेवढ्यात फिरायला आलेलं एक कुटुंब जवळ आलं. "आजी, काय शोधता?"

खजिना शोधतो म्हणून कसं सांगायचं? जनाआजीनं पापणीही लवू दिली नाही. "माजी नथ पडली."

झालं! ते कुटुंब वाकलं. त्यांचं बघून कॉलेजची पाच-सहा मुलं वाकली. शेंगदाणेवाला टोपली ठेवून वाकला. पाऊण तास सगळा किल्ला वाकून नथ शोधत होता आणि आम्ही लाजेनं मेलो. उठावं तरी पंचाईत, बसावं तरी पंचाईत.

आणि एका मुलीला खरंच गवतात सोन्याचं कानातलं सापडलं! धावत आली, "आजी, हे तुमचं?"

जनाआजीनं ते उलटंपालटं करून बघितलं, तिला परत दिलं आणि म्हणाली, "माजं नाय बाय. माजी तर पडलीच नाय."

आम्ही टमटम गाठेपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

*

चौथा भाग मात्र वाईट निघाला.

आमचा नियम होता, पुढचं कुणी चोरून वाचायचं नाही. बाकीच्या पाळत होत्या, कारण पुस्तक माझ्याकडे होतं! मला राहवलं नाही. संध्याकाळी ओट्यापाशी उभ्या उभ्या पुढचं प्रकरण वाचलं, आणि लेखकानं रघूला मारून टाकलेलं. वादळात मैथिलीला वाचवतो आणि स्वतः बुडतो. मी ढसाढसा रडायला लागले.

आमचे हे धावत आले. "काय झालं? कोण गेलं?"

"रघू!" एवढंच बोलता आलं. पदर तोंडात घेऊन मी मोरीत गेले.

तोंड धुऊन बाहेर आले तर ह्यांनी पांढरा शर्ट चढवलेला आणि कानाला फोन. वाणगावला ह्यांचा जुना मित्र आहे, रघुनाथ. हे अत्यंत गंभीर आवाजात विचारत होते, "किती वाजता नेणार?"

पलीकडून रघुनाथच म्हणाला, "कोणाला?"

*

ह्या प्रकारावर मी स्वतःही हसले, पण दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेले आणि हसू मावळलं.

जनाआजीचा धाकटा, दामू, बोट घेऊन गेला होता. सकाळी यायला पाहिजे होता, दुपार झाली तरी पत्ता नाही. वारं सुटलेलं. फोन लागत नव्हता. बाकीच्या बोटी आलेल्या, दामूची नाही. जनाआजी समुद्राकडे तोंड करून बसली होती. तिचा नवरा असाच एका वाऱ्यात गेला आणि आलाच नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"वाच गो," ती म्हणाली. "बसून काय करायचं? रघूचं काय झालं ते वाच."

माझ्या मांडीवर ते पान उघडं. 'आणि लाटांनी रघूला कायमचं पोटात घेतलं.' मी ते कसं वाचणार, सांगा ना! मला रडू येत होतं आणि ते दाखवताही येत नव्हतं.

मी वाचलं, "तेवढ्यात रघूच्या हाताला एक फळकूट लागलं. ते धरून तो पोहत पोहत किनाऱ्याला आला."

जनाआजीनं नुसता माझा गुडघा दाबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दामू आला. इंजिन बंद पडलं होतं, गुजरातच्या एका बोटीनं ओढत आणलं. पोरगं धडधाकट! जनाआजीनं आधी त्याला चार शिव्या घातल्या, मग पेढे वाटले. मला दोन दिले आणि म्हणाली, "रघू वाचला ना, तवाच मी मनात म्हटलं, माजा दामू येतो."

पेढे मी पदराला बांधून ठेवले. आता रघूला मारायची माझ्यात हिंमत नव्हती, पण पुढचे दोन भाग पालघरहून निघाले होते!

*

पाचव्या आणि सहाव्या भागात रघू नाही. असणार कसा? मग मीच तो घातला. मैथिली हॉटेलात बसून जुनी कागदपत्रं वाचते तिथं मी म्हणायची, "रघू बाहेर उभा राहिला." ती प्राध्यापकांशी चर्चा करते, "रघू बाहेर उभा राहिला." ती विमानात बसते तिथंही मी सवयीनं म्हणून गेले, "रघू बाहेर..." आणि जीभ चावली.

प्रमिला चिडली. "ह्या मैथिलीला काय रीत हाय का नाय? किती येल उभा ठेवते त्याला! चा तरी दे म्हणावं!"

म्हणून रघूला चहा द्यावा लागला. मग जेवण. इराणजवळच्या होर्मुझ बेटावर तर मी त्याच्याकडून कोळंबीचं कालवण करवून घेतलं. सहाव्या भागात लेखकानं मैथिलीचं लग्न एका प्राध्यापकाशी ठरवलं, ते मी पूर्ण गाळलं. एवढी हिंमत माझ्यातही नव्हती.

कुंदा एकदा माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "सुलू, एक इचारू? अर्धा तास वाचलंस, पान एकपन उलटलं नाय."

"बारीक अक्षर आहे," मी म्हटलं.

"असंल," ती म्हणाली आणि कावळा हाकलायला उठली.

*

आणि मग पालघरला वाचनालयांचा मेळावा ठरला. प्रमुख पाहुणे, तेच लेखक!

मी बातमी दडवली. पण दामूनं मोबाईलवर बघून आईला सांगितलं. चौदाही बायकांनी टेम्पो ठरवला. मी काय काय कारणं सांगितली! हॉल लहान आहे, पास लागतो, ऊन फार आहे. जनाआजी म्हणाली, "ऊन? आमाला?"

टेम्पोत सगळ्या गाणी म्हणत होत्या आणि मी नुसत्याच टाळ्या वाजवत होते. दोन वर्षं मी ह्यांच्या डोळ्यांत डोळे घालून खोटं वाचलं. आज ते दोनशे लोकांसमोर उघडं पडणार. उद्यापासून कोण माझं वाचन ऐकणार? आणि जनाआजीला काय वाटेल? दामूच्या त्या दिवसाचं काय वाटेल?

पोचल्या पोचल्या मी लेखकांना स्टेजमागं गाठलं. ते बटाटेवडा खात होते. भला माणूस दिसला. "साहेब, एक विनंती आहे. रघूबद्दल कुणी विचारलं तर..." एवढ्यात आयोजक आले आणि त्यांना वड्यासकट दीपप्रज्वलनाला घेऊन गेले.

भाषण झालं. मग प्रश्नोत्तरं. पहिला हात वर झाला तो जनाआजीचा! तिथल्या एका पोरानं माईक आणून दिला. आधीच आवाज भोंग्याचा, त्यात माईक. अख्खा हॉल दचकला.

"साहेब, सगली पुस्तकं आयकली. झ्याक हायत. आता रघूचं लगीन कवा लावता?"

लेखक गोंधळले. मग अगदी हळुवारपणे, आजीला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, "आजी, रघू तर चौथ्या भागातच बुडाला ना."

कुंदा माझ्याकडे न बघता वरचा पंखा बघत होती. मी खुर्चीत जमेल तेवढी खाली सरकले.

जनाआजीनं मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग माईक तोंडाजवळ घेतला आणि लेखकांना म्हणाली,

"साहेब, तुमी पाचवा भाग वाचलेला दिसत नाय!"