मागच्या पट्टीतले नेचे

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगावातली चाळ सोडून मीरा रोडला, शांती नगरात आलो. तिसरा मजला मिळत असताना मी हट्टानं तळमजला घेतला. कारण एकच, घरामागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चार हात मातीची पट्टी होती. डालडाच्या डब्यात तुळस लावून जन्म काढलेल्या बाईला ती जहागीरच. यांनी एवढंच म्हटलं, "डास तू मारायचेस."

जहागिरीत ऊन मात्र औषधालाही नव्हतं. गुलाब गेला, मोगरा गेला, झेंडूनंसुद्धा मान टाकली. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकांचे गुडघे धरले, आणि बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. त्यांनी घरांची अदलाबदल सुचवली. हे लगेच राजी. "पुढच्या दिवाळीपर्यंत मागे काही उगवलं तर राहू," म्हणाले. मला ते फार लागलं. आता उगवल्याशिवाय यांना काही दाखवायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

खारी गावातली एक म्हातारी दारावर भाजी घेऊन यायची. गुलाबाची काटकी बघून म्हणाली, "सावलीत गुलाब कशाला, बाय? आमच्या विहिरीत बघ काय माजलंय." दुसऱ्या दिवशी तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून नेच्याचे चार गड्डे आणले. तोवर फर्न म्हणजे हॉटेलच्या कुंडीतली शोभा, एवढंच माझं ज्ञान. विटांचे तुकडे, रस्त्यावरच्या बदामाचा कुजलेला पाला, आणि गड्डा वरच्यावर ठेवायचा, पुरायचा नाही, हे सगळं तिनंच सांगितलं. थोड्या दिवसांत मधोमध चकलीसारखी वेटोळी वर आली. ती रोज थोडी उलगडायची आणि मी ऑफिसातून आले की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी मागे धावायची. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

मग पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसले, अगदी ओळीनं. माझं धाबं दणाणलं. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन मी एकेक पान घासायला बसले. दोन गड्डे झाले तेवढ्यात म्हातारी आली. टोपली खाली ठेवून हसत सुटली. "रोग न्हाय गो, बी हाय ती. बी कोन धुतं?"

मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. उरलेल्या दोन गड्ड्यांना बोट लावलं नाही. काही महिन्यांनी ओल्या विटांवर हिरवी साय धरली. शेवाळ म्हणून खरवडायला हात गेला होता, पण एकदा अक्कल गहाण टाकली होती, पुन्हा नको. आणि एका सकाळी त्या सायीतून तिळाएवढी पानं! मला ओरडून अख्खी बिल्डिंग गोळा करावीशी वाटली. तोंड दाबून कामाला गेले.

दिवाळी आली आणि काका घर बघायला खाली उतरले. यांनी खोल्या दाखवल्या, मागचं दार उघडलं. मी त्यांच्या मागे उभी. काकांनी पायरीवरून पाऊल टाकलं आणि यांनी त्यांचा दंड धरला.

"काका, उस ईंट पे पैर मत रखना. छोटे बच्चे हैं."

काका खाली वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "तो घर नहीं दोगे?"

"नहीं," हे म्हणाले.

मी यांच्याकडे बघतच राहिले. ती वीट मी यांना कधी दाखवलीच नव्हती.