बेदाण्याच्या शेडमधली दुपार

पुण्याहून साताऱ्याकडे येताना, खंडाळ्याच्या पुढे घाट चढताना मी शाल घट्ट ओढून घेतली होती. मार्च संपत आला तरी पहाट गारठलेली. साताऱ्याला उतरले तेव्हा शाल पिशवीत कोंबून मी रसाच्या गाड्याशी सावली शोधत होते.

रहिमतपूरला युसूफचाचांकडे थांबले. आमच्या शेतातली अवजारं या लोहाराच्याच हातची. भर दुपारी त्यांची भट्टी थंड होती.

“आता अकराच्या पुढं पेटवत न्हाई,” चाचा म्हणाले. “पयलं दिसभर घण मारायचो. आता डोळ्यापुढं अंधारी येती. सकाळी व्हईल तेवढंच काम.”

मी तासगावकडे जाणार हे कळल्यावर त्यांनी स्वतः घडवलेला तवा लेकीसाठी दिला. लेक शमीम तिकडेच दिलेली. हंगामात बेदाण्याच्या शेडवर (द्राक्षं वाळवायचा मांडव) कामाला जाते.

सांगलीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास मी शेडवर पोचले. उघडा माळ, वर पत्रा, आत एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर वाळत आलेला माल. ज्या धगीनं बेदाणा चांगला होतो, त्याच धगीत सात-आठ बाया तो झाडून गोळा करत होत्या. वारा बंद होता. पश्चिमेला ढग जमत होते.

शेडचे मालक फौजेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सुभेदार म्हणत. “मागल्या आठवड्यात अवकाळीनं निम्मा माल काळा पडला,” ते मला म्हणाले. मग बायांकडे वळून ओरडले, “आवरा गं! पाऊस यायच्या आत झाकायचंय. जेवण मागनं!”

शमीमनं तवा उलटापालटा करून पाहिला, हसली. “अब्बा बरं हायती न्हवं?” विचारून पुन्हा कामाला लागली. मी दाराशी पाणी पीत बसले.

अर्ध्या तासानं ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “अम्मी, चूल इझली का गं?” मी चमकले. पुढच्याच क्षणी ती जाळीला धरत खाली कोसळली.

सुभेदार धावत आले. कपाळाला हात लावताच त्यांचा चेहरा उतरला. “राजस्थानात माझा एक जवान असाच गेला. पाणी वता! पाजू नका, अंगावर वता!” बायांनी डोक्याला बांधलेली फडकी भिजवून तिच्या अंगाभोवती गुंडाळली. सुभेदारांनी जीप काढली.

“सुभेदार, ढग आलं. मालाचं काय?” एकीनं विचारलं.

“जाऊ दे माल. तुमीबी समद्या घरी जा.”

वाटेत टपोरे थेंब काचेवर आपटू लागले. सुभेदारांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत मी तिच्या मानेवर ओलं फडकं धरून होते. बाहेर वारा इतका गार सुटला की माझ्या अंगावर काटा आला, आणि फडक्याखाली तिची मान तापलेली.

“उष्माघात. घाम यायचा थांबला, तेव्हाच काम थांबवायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाले. दिवेलागणीला तिनं डोळे उघडले. पहिला प्रश्न, “माल भिजला?”

“भिजला,” सुभेदार म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “चुकलं माझं, पोरी. उद्यापासनं पाचाला सुरू, दहाला बंद. आन् तू महिनाभर यायचं न्हाई.”

“मग घर कसं चालायचं?” शमीमनं विचारलं.

परतताना रहिमतपूरला उतरले. चाचांना फोनवर सगळं कळलंच होतं. त्यांनी माझे हात हातात घेतले. “ताई, तुमी व्हता म्हणून वाचली.”

मी मान हलवली आणि गाडीत बसले. पुण्याच्या वाटेवर डोळा लागला नाही. मी तिथे होते, हे खरं. दाराशी बसून मी शमीमकडे पाहतही होते. बाकीच्या बाया घामानं निथळत होत्या आणि तिचा चेहरा मात्र कोरडा होता. तेव्हा मला वाटलं होतं, या पोरीला उन्हाची सवय झालेली दिसते.